एअरटेलचा तिमाही निकाल वाचायचा कसा: युनिट तपासण्यापासून कर्जाच्या ओळीपर्यंत

6 फेब्रुवारी 2025 रोजी भारती एअरटेलने ऑक्टोबर ते डिसेंबर 2024 या तिमाहीचा निकाल जाहीर केला आणि नफा 505 टक्क्यांनी वाढल्याची बातमी सगळीकडे फिरली. आकडा खरा होता. मात्र त्यावरून कंपनीचा धंदा सहापट झाला असा अर्थ अनेकांनी काढला, आणि तो साफ चुकीचा होता. पुढच्या प्रत्येक निकालाला थोड्याफार फरकाने हेच होताना दिसतं. कारण एकच: आकडे चुकीच्या क्रमाने वाचले जातात. सगळ्यात शेवटी पाहायची ओळ लोक सगळ्यात आधी पाहतात.

एअरटेलचा निकाल किचकट आहे हे मान्य. भारतातला मोबाईल, घरगुती ब्रॉडबँड, कंपन्यांना दिल्या जाणाऱ्या सेवा, डीटीएच, मोबाईलचे टॉवर आणि आफ्रिकेतल्या 14 देशांतला व्यवसाय, एवढं सगळं एका पत्रकात येतं. तरीही क्रम पाळला तर दीड-दोन तासांत चित्र स्वच्छ होतं.

## आधीची तयारी

कोणते कागद लागतात. तीन. पहिला, शेअर बाजाराला दिलेलं ठरावीक नमुन्यातलं निकालपत्रक. त्याच्या शेवटच्या टिपांसाठी ते लागतं. दुसरा, कंपनीचा सविस्तर तिमाही अहवाल. त्यात प्रत्येक विभागाचे आकडे, ग्राहकसंख्या, कर्ज आणि मागच्या पाच तिमाह्यांची मांडणी असते. तिसरा, विश्लेषकांशी झालेल्या कॉलचं लेखी रूप, जे काही दिवसांनी येतं. तिन्ही कंपनीच्या गुंतवणूकदार विभागात मिळतात. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर शोधायचं तर कोड 532454. प्रसिद्धीपत्रक वाचायला हरकत नाही, पण तक्त्यात आकडे भरताना ते बाजूला ठेवा. त्यात काय ठळक करायचं हे कंपनीने ठरवलेलं असतं.

मागचे दोन निकाल उघडे ठेवा. लगेच आधीच्या तिमाहीचा आणि बरोबर वर्षापूर्वीच्या तिमाहीचा. नव्या पत्रकात मागचे आकडे छापलेले असतातच, पण काही वेळा ते पुन्हा मांडलेले असतात. मूळ पत्रक समोर असेल तरच तो बदल लक्षात येतो.

तक्ता आधी आखा. एक्सेलमध्ये किंवा वहीत तीन स्तंभ करा: ही तिमाही, मागची तिमाही, वर्षापूर्वीची तिमाही. ओळी कमीच ठेवा: एकूण महसूल, भारतातील मोबाईल महसूल, प्रतिग्राहक सरासरी महसूल म्हणजे एआरपीयू, एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा), अपवादात्मक म्हणजे एकदाच होणाऱ्या बाबींआधीचा नफा, भांडवली खर्च, निव्वळ कर्ज. आफ्रिकेसाठी वेगळा कागद घ्या.

> सावधान: आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. ‘आर्थिक वर्ष 2026 ची पहिली तिमाही’ म्हणजे एप्रिल ते जून 2025. कॅलेंडर वर्ष धरून स्तंभ भरले की पुढचं सगळं घसरतं.

## टप्पा 1: कंपनी कोणती आणि आकडे कशात

हा टप्पा पाच मिनिटांचा आहे. सर्वाधिक चुका मात्र इथेच होतात.

भारती एअरटेल, भारती हेक्साकॉम, मोबाईलचे टॉवर चालवणारी इंडस टॉवर्स आणि एअरटेल आफ्रिका या चारही कंपन्या स्वतंत्रपणे बाजारात नोंदलेल्या आहेत. पहिल्या तीन भारतात, चौथी 2019 पासून लंडनमध्ये. चौघींचे निकाल आगेमागे येतात. हेक्साकॉम फक्त राजस्थान आणि ईशान्य भारत या परिमंडळांची (दूरसंचार सेवेसाठी आखलेल्या प्रदेशांची) कंपनी आहे. तिचा एआरपीयू संपूर्ण एअरटेलचा समजून पुढे पाठवलेले संदेश दर तिमाहीला दिसतात.

मग निकाल ‘स्टँडअलोन’ आहे की ‘कन्सॉलिडेटेड’ ते पाहा. स्टँडअलोन म्हणजे एकट्या मूळ कंपनीचा. त्यात आफ्रिका, हेक्साकॉम, इंडस यांचा धंदा मिळवलेला नसतो. तुम्हाला हवा एकत्रित, म्हणजे कन्सॉलिडेटेड. काही ॲप आणि संकेतस्थळं उघडताक्षणी स्टँडअलोन आकडे दाखवतात, म्हणून वरचं बटण बघूनच पुढे जा.

आता एकक. कंपनीच्या पत्रकांत आकडे वर्षानुवर्षं दशलक्ष रुपयांत येत आले आहेत, तर प्रसिद्धीपत्रकात आणि बातम्यांत कोटींत. दशलक्षातला आकडा दहाने भागला की कोटी मिळतात. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात एकक लिहिलेलं असतं, ते प्रत्येक पानावर पाहा. आफ्रिकेच्या पानांवर तेच अमेरिकी डॉलरमध्ये असतं.

> तपासा: तुम्ही कोटींत आणलेला एकूण महसूल प्रसिद्धीपत्रकातल्या महसुलाशी जुळतो का? उदाहरणार्थ, जुलै-सप्टेंबर 2025 चा एकत्रित महसूल 52,145 कोटी रुपये होता. जुळत नसेल तर थांबा. एकक किंवा पत्रक, दोनपैकी एक चुकलं आहे.

## टप्पा 2: आकड्यांआधी टिपा वाचा

निकालपत्रकाच्या शेवटी बारीक अक्षरात क्रमांक घातलेल्या टिपा असतात. त्या आधी वाचा, सगळ्या. या तिमाहीत नवं काय आत आलं, काय बाहेर गेलं, कोणता खटला, कोणती एकदाच होणारी नोंद, हे सगळं तिथे असतं. हा टप्पा टाळला तर टप्पा 3 आणि 6 मध्ये हमखास फसगत होते.

गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी टीप इंडस टॉवर्सची. इंडसमध्ये एअरटेलचा हिस्सा आधीपासून होता, पण तो संयुक्त उपक्रम म्हणून धरला जाई. म्हणजे इंडसच्या नफ्यातला आपला वाटा तेवढा एका ओळीत यायचा, इंडसचा महसूल यायचा नाही. इंडसने स्वतःचे शेअर परत विकत घेतल्यावर एअरटेलचा हिस्सा निम्म्याच्या वर गेला आणि नोव्हेंबर 2024 पासून इंडस उपकंपनी झाली. तेव्हापासून इंडसचा महसूल, खर्च, कर्ज सगळं एकत्रित पत्रकात येतं. शिवाय हा बदल ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीच्या अधेमधे झाला, त्यामुळे त्या तिमाहीत इंडस अर्धाच आहे.

श्रीलंकेचं उलट झालं. तिथला एअरटेलचा व्यवसाय 2024 मध्ये डायलॉग आझियाटा या तिथल्या दूरसंचार कंपनीत विलीन झाला आणि स्वतंत्र व्यवसाय म्हणून यादीतून गेला. आकार लहान असल्याने एकूण आकड्यांवर फारसा परिणाम नाही, पण टिपांमधून हेच शोधायचं असतं: कुटुंबात कोण आलं, कोण गेलं.

टिपा वाचताना कागदावर एक ओळ लिहून ठेवा: ‘या तिमाहीची वर्षापूर्वीच्या तिमाहीशी थेट तुलना होते का?’ हो किंवा नाही, आणि नाही तर का. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर ही ओळ डोळ्यांसमोर हवी.

## टप्पा 3: महसूल फोडून पाहा

एकूण महसुलाची वाढ हा फसवा आकडा आहे. एप्रिल-जून 2025 मध्ये एकत्रित महसूल 49,463 कोटी होता, वर्षापूर्वीपेक्षा 28.5 टक्क्यांनी जास्त. त्याच तिमाहीत भारतातल्या मोबाईल सेवेची वाढ 21.6 टक्के होती. वर्षापूर्वीच्या आकड्यात इंडस नव्हता आणि आता होता, हे या दोन टक्केवारींमधल्या फरकाचं मोठं कारण. धंद्याचा वेग जाणायचा असेल तर दुसरा आकडा धरा.

विभाग या क्रमाने घ्या: आधी भारतातील मोबाईल, मग घरगुती ब्रॉडबँड, मग एअरटेल बिझनेस, मग टॉवर, शेवटी डीटीएच. आफ्रिका टप्पा 5 साठी राखून ठेवा.

सगळ्या विभागांची बेरीज केली तर ती एकूण महसुलापेक्षा जास्त भरते. घाबरू नका. इंडस एअरटेलकडून टॉवरचं भाडं घेतो. ते भाडं इंडसच्या महसुलात दिसतं, पण समूह म्हणून पाहिलं तर एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेले पैसे आहेत, म्हणून ते वजा होतात. पत्रकात त्यासाठी ‘एलिमिनेशन’ अशी स्वतंत्र ओळ असते.

> तपासा: आफ्रिकेसह सगळ्या विभागांची बेरीज वजा एलिमिनेशन बरोबर एकूण महसूल. हे जुळल्याशिवाय टक्केवारी काढायला बसू नका.

## टप्पा 4: एआरपीयू, दिवस मोजून

भारतातला मोबाईल व्यवसाय दोन गोष्टींवर चालतो: ग्राहक किती आणि प्रत्येकाकडून दरमहा सरासरी किती येतात. दुसरी गोष्ट म्हणजे एआरपीयू. एअरटेलचा एआरपीयू असा चालत आला:

- एप्रिल-जून 2024: 211 रुपये
- जुलै-सप्टेंबर 2024: 233
- ऑक्टोबर-डिसेंबर 2024: 245
- जानेवारी-मार्च 2025: 245
- एप्रिल-जून 2025: 250
- जुलै-सप्टेंबर 2025: 256

या सहा आकड्यांत दोन सापळे आहेत आणि दोन्हींत बरेच जण अडकले.

पहिला सापळा: पाया. एअरटेलने 3 जुलै 2024 पासून मोबाईलचे दर वाढवले. एप्रिल-जून 2025 ची तुलना वर्षापूर्वीशी केली तर 211 वरून 250, म्हणजे सुमारे 18 टक्के वाढ. पुढच्याच तिमाहीत 233 वरून 256, म्हणजे सुमारे 10 टक्के. वाढ मंदावली असा निष्कर्ष लगेच काढला गेला. प्रत्यक्षात तुलनेचा पाया बदलला होता. 211 मध्ये दरवाढ नव्हती आणि 233 मध्ये ती बरीचशी उतरली होती. लगतच्या तिमाहीशी पाहिलं तर एआरपीयू 250 वरून 256 वर गेला, चांगला अडीच टक्क्यांच्या आसपास वाढला.

नियम असा: दरवाढ झालेल्या तिमाहीपासून पुढचं सव्वा वर्ष दोन्ही तुलना शेजारी शेजारी मांडायच्या, वर्षाशी आणि लगतच्या तिमाहीशी. एकीवर विसंबायचं नाही. रिचार्जची मुदत संपेपर्यंत जुन्या दराचेच ग्राहक असतात, त्यामुळे दरवाढ एका झटक्यात उतरत नाही. वर 211, 233, 245 अशा पायऱ्या दिसतात त्या यामुळेच.

दुसरा सापळा: तिमाहीचे दिवस. ऑक्टोबर-डिसेंबर 2024 आणि जानेवारी-मार्च 2025, दोन्हींत एआरपीयू 245. म्हणजे काहीच हललं नाही? पहिल्या तिमाहीत 92 दिवस होते, दुसरीत 90. प्रीपेडचा महसूल मुदतीच्या दिवसांवर पसरून नोंदला जातो. 28 दिवसांचा प्लॅन असेल तर प्रत्येक दिवसाचा तुकडा वेगळा पडतो. म्हणून एआरपीयूला तीनने गुणा आणि दिवसांनी भागा:

- ऑक्टोबर-डिसेंबर 2024: 245 × 3 ÷ 92 = 7.99 रुपये प्रतिदिन
- जानेवारी-मार्च 2025: 245 × 3 ÷ 90 = 8.17
- एप्रिल-जून 2025: 250 × 3 ÷ 91 = 8.24
- जुलै-सप्टेंबर 2025: 256 × 3 ÷ 92 = 8.35

दिवसाच्या हिशेबाने वाढ थांबलेलीच नव्हती. एक मर्यादा लक्षात ठेवा. पोस्टपेडचं भाडं महिन्याचं असतं, त्याला दिवसांचा हा हिशेब लागू नाही. त्यामुळे खरी वाढ या रीतीने येते त्यापेक्षा थोडी कमी असते. दिशा ओळखायला मात्र ही रीत पुरेशी आहे, आणि मार्चच्या निकालाला तर ती वापरायलाच हवी.

ग्राहकसंख्येबद्दल एवढंच: कंपनीचा आकडा आणि ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचा मासिक आकडा जुळत नाहीत आणि जुळायचेही नाहीत. ग्राहक कोणाला म्हणायचं याची व्याख्या दोघांची वेगळी. ट्राय सक्रिय ग्राहकांचा वेगळा आकडा देते, तो दिशा पडताळायला उत्तम. वाढ पाहायची ती एकाच स्रोताच्या दोन आकड्यांत.

आपल्याकडच्या वाचकांना हवी असलेली एक गोष्ट तिमाही अहवालात मिळत नाही: परिमंडळानुसार नफा. ट्रायच्या आकडेवारीत परिमंडळानुसार ग्राहक आणि महसूल मिळतो. तिथे ‘महाराष्ट्र’ म्हणजे गोव्यासह आणि मुंबई वगळून. मुंबई वेगळं परिमंडळ आहे आणि त्यात नवी मुंबई, कल्याणही येतं. राज्याचा आकडा समजून एकच ओळ उचलली की मोठा तुकडा सुटतो.

> सावधान: 1 जानेवारी 2021 पासून एका कंपनीने दुसरीला कॉल जोडण्यासाठी द्यायचं शुल्क बंद झालं. त्याआधीच्या एआरपीयूमध्ये त्या शुल्काचा भाग आहे. 2020 च्या आकड्यांशी आजची थेट तुलना नको.

## टप्पा 5: आफ्रिका वेगळ्या कागदावर

आफ्रिकेचे आकडे तीन चलनांतून प्रवास करतात. ग्राहक नायरा, शिलिंग, क्वाचा देतो, एअरटेल आफ्रिका ते डॉलरमध्ये मांडते, आणि भारती एअरटेलच्या एकत्रित पत्रकात ते रुपयांत येतात. दोन्ही उड्यांमध्ये विनिमय दर हलतो.

याचा परिणाम किती होऊ शकतो ते मार्च 2024 ला संपलेल्या वर्षात दिसलं. नायजेरियाने जून 2023 मध्ये नायरावरचं नियंत्रण सैल केलं. मार्च 2023 मध्ये डॉलरला सुमारे 460 नायरा होते, वर्षभरात ते 1,300 च्या आसपास गेले. त्या वर्षात एअरटेल आफ्रिकेचा महसूल स्थिर चलनात 20.9 टक्क्यांनी वाढला आणि प्रत्यक्ष डॉलरमध्ये 5.3 टक्क्यांनी घटून 497.9 कोटी डॉलरवर आला. वर्षाअखेरीस 8.9 कोटी डॉलरचा तोटा झाला. तिथे लोक फोन जास्त वापरत होते, मोबाईल मनी जास्त वापरत होते, तरीही डॉलर कमी आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

म्हणून कागदावर दोन ओळी करा. ‘स्थिर चलनातली वाढ’ म्हणजे विनिमय दर गोठवून काढलेली. ग्राहकांची मागणी त्यातून कळते. ‘प्रत्यक्ष चलनातली वाढ’ म्हणजे हातात काय आलं ते. डॉलरमधलं कर्ज फेडायची ताकद त्यातून कळते. स्थिर चलनाची आकर्षक टक्केवारी उचलून तीच समूहाच्या वाढीत मिळवणं ही नेहमीची चूक. उलट बाजूही आहे: रुपया डॉलरसमोर घसरला तर तिकडे काहीही न बदलता आफ्रिकेचा रुपयांतला महसूल फुगतो.

> तपासा: वाढ कोणत्या चलनात लिहिली आहे? टक्केवारीशेजारी ‘स्थिर’ किंवा ‘प्रत्यक्ष’ असा शब्द नसेल तर ती तक्त्यात भरू नका.

## टप्पा 6: आता नफा, आणि तोही सोलून

निव्वळ नफ्याकडे यायची वेळ आता आली. इथे तीन थर काढायचे आहेत.

पहिला थर अपवादात्मक बाबींचा. वर सांगितलेल्या 505 टक्क्यांचंच घ्या. ऑक्टोबर-डिसेंबर 2024 चा निव्वळ नफा 14,781 कोटी, वर्षापूर्वी 2,442 कोटी. इंडस उपकंपनी झाल्यावर जुन्या हिश्शाचं नव्याने मूल्यांकन झालं आणि कागदोपत्री मोठा लाभ नोंदला गेला. त्यातून रोकड आली नाही. अपवादात्मक बाबींआधीचा नफा 5,514 कोटी होता, म्हणजे वर्षाशी तुलना करता सुमारे 121 टक्के वाढ. उत्तम कामगिरीच ती, पण 505 नव्हे.

वजा बाजूलाही हेच होतं. जुलै-सप्टेंबर 2019 मध्ये कंपनीने 23,045 कोटींचा तोटा दाखवला. 24 ऑक्टोबर 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एजीआर (समायोजित सकल महसूल, ज्यावरून सरकारला द्यायचं शुल्क ठरतं) निकालामुळे 28,450 कोटींची तरतूद एकाच तिमाहीत करावी लागली होती. तो बोजा खरा होता, पैसे द्यायचेच होते. फक्त तो त्या तीन महिन्यांच्या धंद्याचा तोटा नव्हता. अशा नोंदी नफ्यातून वेगळ्या काढा आणि टप्पा 7 मध्ये देण्यांच्या बाजूला तपासा. वेगळं काढणं म्हणजे विसरणं नव्हे.

दुसरा थर इतर भागधारकांचा. एअरटेल आफ्रिका, इंडस आणि हेक्साकॉम यांत एअरटेलचा हिस्सा शंभर टक्के नाही. त्यामुळे पत्रकात नफ्याच्या दोन ओळी असतात: एकूण नफा आणि ‘मूळ कंपनीच्या भागधारकांच्या वाट्याचा’ नफा. प्रतिशेअर उत्पन्न आणि पीई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर उत्पन्न) काढताना दुसरी ओळच घ्यायची.

तिसरा थर भाड्याचा. 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या इंड एएस 116 या लेखा मानकामुळे दीर्घ मुदतीची भाडी खर्चाच्या ओळीतून उठून घसारा आणि व्याजात गेली. त्यामुळे एबिटडा फुगलेला दिसतो. शक्य तिथे भाडी वजा केल्यानंतरचा एबिटडा घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांची तुलना करताना तर हे हवंच.

> सावधान: समान आकडा समान आकड्यासमोर. या तिमाहीचा अपवादात्मक बाबींआधीचा नफा आणि वर्षापूर्वीचा निव्वळ नफा अशी सरमिसळ बातम्यांतही सापडते.

## टप्पा 7: रोकड आणि कर्ज

एबिटडामधून भांडवली खर्च वजा केला की राहतो त्याला कंपन्या ‘ऑपरेटिंग फ्री कॅश फ्लो’ म्हणतात. नावावर जाऊ नका. त्यातून अजून व्याज, टॉवरचं भाडं, कर आणि स्पेक्ट्रमचे (मोबाईल सेवेसाठी सरकारकडून घेतलेल्या रेडिओ लहरींचे) हप्ते जायचे असतात.

दूरसंचार कंपनीत स्पेक्ट्रमचे हप्ते ही बाब बँकेच्या कर्जापेक्षाही महत्त्वाची ठरते. 2022 च्या लिलावात एअरटेलने 43,084 कोटींचं स्पेक्ट्रम घेतलं. असे पैसे सरकारला वर्षानुवर्षं हप्त्याने जातात, आणि शिवाय एजीआरची देणी आहेत. सप्टेंबर 2021 मध्ये सरकारने ही देणी चार वर्षं पुढे ढकलण्याची मुभा दिली, म्हणून त्या काळातली रोकड सुखावह दिसते. त्या काळाची तुलना पुढच्या तिमाह्यांशी करताना हे मनात ठेवा.

निव्वळ कर्ज दोन प्रकारे छापलेलं असतं: भाड्याच्या देण्यांसह आणि त्याशिवाय. कोणतंही एक निवडा, प्रत्येक तिमाहीला तेच ठेवा. भाड्याशिवायचं कर्ज घेतलं तर एबिटडाही भाडं वजा केलेलाच घ्यायचा. कर्ज-एबिटडा गुणोत्तर काढताना ही जोडी मोडली की कंपनी आहे त्यापेक्षा सुदृढ भासते.

प्रतिशेअर हिशेब करणाऱ्यांनी शेअरची संख्याही पाहावी. 2021 च्या 535 रुपये भावाच्या हक्कभाग विक्रीत (आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरच्या विक्रीत) सुरुवातीला चौथाई रक्कमच घेतली गेली होती. अंशतः भरलेले असे शेअर असताना साधं आणि ‘डायल्युटेड’ (पुढे वाढू शकणारे शेअरही धरून काढलेलं) प्रतिशेअर उत्पन्न वेगळं येतं. डायल्युटेड घ्या.

## टप्पा 8: कॉल वाचा, पण शेवटी

कॉलचं लेखी रूप तक्ता पूर्ण झाल्यावरच उघडा. व्यवस्थापनाचं सुरुवातीचं निवेदन भराभर वाचलं तरी चालतं. वेळ द्यायचा प्रश्नोत्तरांना. तुमच्या तक्त्यात जो आकडा खटकला असेल त्यावर कोणी विचारलं का, उत्तर आकड्यात आलं की सर्वसाधारण शब्दांत, भांडवली खर्चाबद्दल मागच्या तिमाहीत काय म्हटलं होतं आणि आता काय म्हणतात, हे टिपून ठेवा. मागच्या कॉलचा कागद शेजारी हवा तो याचसाठी.

मग तक्त्याखाली तीन ओळी लिहा: दिवसाच्या हिशेबाने एआरपीयू कुठे चालला आहे, अपवादात्मक बाबी वगळून नफा कुठे आहे, आणि त्याच पद्धतीने मोजलेलं कर्ज वाढलं की घटलं. बातम्यांचे मथळे आता वाचा. एखादा आकडा तुमच्या तक्त्याशी जुळला नाही तर आधी एकक पाहा, मग स्टँडअलोन की एकत्रित ते पाहा, मग अपवादात्मक बाबी. बहुतेक तफावत या तीन जागीच सापडते.